पंखेवाला, भिश्ती आणि संगणकाचा पंखा

जालन्याचा इतिहास सांगायला बसलं की लोक असईच्या लढाईपासून सुरुवात करतात. 23 सप्टेंबर 1803 ही तारीख, वेलस्लीची फौज, शिंदे-भोसल्यांचा पराभव. मग मोती तलाव, काळी मशीद, सराई आणि किल्ला. हे सगळं खरं आहे, महत्त्वाचंही आहे. पण असईची लढाई एका दिवसात संपली. या मुलखातली माणसं शेकडो वर्षं, दर वर्षी चार महिने जी लढाई लढत आली, ती उन्हाळ्याशी. मे महिन्यात जालन्यात पारा 42-43 अंशांवर गेला तर त्याची कुणाला बातमीही वाटत नाही. या उष्म्याशी कोण कसं लढलं, गारवा कुणाला मिळाला आणि त्यासाठी कुणाला राबावं लागलं, हे आपण फारसं सांगत नाही.

मी या इतिहासाकडे वळलो तो संगणकामुळे. माझ्या ओळखीतली काही तरुण मुलं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतात, काही उर्दू-मराठी डीटीपी करतात, काहींना गेमिंगचा नाद आहे. नवा महागडा प्रोसेसर घेणं जमत नाही, म्हणून ती आहे त्याच प्रोसेसरचा वेग वाढवतात. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढला की मशीन तापतं, तापलं की पंखे किंचाळायला लागतात. खोलीत एसी नाही, पाण्याचं कूलिंग खिशाला झेपत नाही. मग ती विचारतात, नुसत्या हवेवर आणि आवाज न करता हे मशीन थंड कसं ठेवायचं?

प्रश्न तांत्रिक आहे. पण जवळपास हाच प्रश्न बादशहाच्या मुक्कामात, इंग्रजांच्या छावणीत आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरातही होता. प्रत्येक काळाने त्याचं आपलं उत्तर काढलं आणि त्या उत्तरावरून तो समाज कसा होता हे कळतं.

वेगाची किंमत

आधी संगणकाची गोष्ट. प्रोसेसर एका ठरावीक ठोक्यावर काम करतो. कंपनी त्यावर वेगाचा शिक्का मारते तेव्हा थोडी क्षमता राखून ठेवते. ही राखीव क्षमता वापरणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. याचं गाजलेलं उदाहरण 1998 सालचं आहे. इंटेलने त्या वर्षी सेलेरॉन 300ए हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याचा वेग होता 300 मेगाहर्ट्झ. मदरबोर्डच्या बसचा वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेला की बरेचदा तोच प्रोसेसर 450 मेगाहर्ट्झवर चालायचा आणि कितीतरी महाग असलेल्या पेंटियम टूच्या जवळ जायचा. आज ओव्हरक्लॉकिंग हा हौशी श्रीमंतांचा खेळ वाटतो. तो लोकप्रिय झाला मात्र कमी पैशांत जास्त काम काढण्याची युक्ती म्हणून.

या युक्तीची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग 10 टक्के वाढवला आणि मशीन बंद पडू नये म्हणून व्होल्टेजही 10 टक्के वाढवावं लागलं. हिशोब होतो 1.1 गुणिले 1.21, म्हणजे 1.33. वेग वाढला 10 टक्के, उष्णता वाढली 33 टक्के.

दुसरी अडचण जालन्याची आहे. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक किती राहील, एवढंच त्याच्या हातात असतं. एखादा कूलर हा फरक 50 अंशांवर रोखत असेल, तर 22 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 72 वर राहील आणि 42 अंशांच्या खोलीत 92 वर. आजचे बरेचसे डेस्कटॉप प्रोसेसर 90 ते 100 अंशांच्या दरम्यान पोचले की स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे युरोपातल्या थंड खोलीत तपासून शांत ठरलेला कूलर जालन्याच्या मे महिन्यात शांत राहील, याची खात्री देता येत नाही. मग पंखा जोरात फिरवायचा, की दुसरा काही मार्ग काढायचा?

अबुल फजलने टिपलेला गारवा

अकबराच्या दरबारातला इतिहासकार अबुल फजल 1599 मध्ये दख्खनच्या मोहिमेवर आला. तो काही काळ जालन्यात राहिल्याची नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. 1602 मध्ये परत जाताना ग्वाल्हेरजवळ त्याची हत्या झाली. त्याच्या ‘आईन-ए-अकबरी’त लढाया आणि महसुलाबरोबर गारव्याचाही तपशील आहे. बंदुकीच्या दारूत लागणारा सोरा पाण्यात विरघळवून त्यात भांडं फिरवलं की आतलं पाणी गार होतं, हे तो सांगतो. दरबार लाहोरला असताना डोंगरातून बर्फ यायचा, हेही सांगतो. आणि वाळ्याच्या मुळ्यांनी भरलेल्या बांबूच्या तट्ट्यांवर पाणी मारलं की भर उन्हाळ्यात हिवाळा येतो, असंही लिहितो.

वाळ्याच्या तट्टीमागचं तत्त्व सोपं आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेतं. तासाला एक लिटर पाणी उडालं तर जवळपास 670 वॅट उष्णता निघून जाते. ओव्हरक्लॉक केलेल्या आख्ख्या संगणकाची उष्णता सहसा यापेक्षा कमीच असते. मराठवाड्याची कोरडी हवा या कामासाठी फार चांगली. ही कल्पना अकबराच्याही आधीची आहे. अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये ‘खैश’ नावाचं जाडंभरडं कापड ओलं ठेवून खोल्या गार केल्या जात.

वाळ्याची तट्टी आवाज करत नाही. वर सुगंध देते. पण ती दर थोड्या वेळाने भिजवावी लागते आणि ते पाणी आपोआप येत नव्हतं. पाठीवर चामड्याची मसक घेऊन ते आणायचा भिश्ती. हा शब्द ‘बहिश्त’वरून, म्हणजे स्वर्गावरून आला. तहानलेल्याला पाणी पाजणाऱ्याला समाजाने फार मोठं नाव दिलं, पण त्याच्या वाट्याला आलेलं आयुष्य त्या नावासारखं नव्हतं. 1539 मध्ये चौसाच्या लढाईनंतर हुमायूनला गंगेत बुडताना वाचवणारा निजाम भिश्ती आपल्याला माहीत आहे, कारण त्याने बादशहाला वाचवलं आणि बदल्यात थोडा वेळ तख्तावर बसला. तट्ट्या भिजवून पाठ झिजवलेल्या भिश्त्यांची नावं कुठल्या ग्रंथात सापडत नाहीत.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला

असईनंतरच्या काळात जालन्यात इंग्रजी फौजेची मोठी छावणी उभी राहिली. इंग्रजांच्या बंगल्यांत आणि बराकींत गारव्याचं साधन होतं छताला टांगलेला कापडी पंखा. लाकडी चौकटीला कापड लावलेलं, तिला दोरी बांधलेली आणि ती दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात गेलेली. तिथे पंखेवाला बसायचा. दिवसा दोरी ओढायची, रात्री ओढायची, कधी हाताने, कधी पायाला बांधून. आतल्या माणसाला मंद झुळूक मिळायची आणि शांत झोप लागायची.

ही शांतता कशी तयार झाली होती ते पाहिलं पाहिजे. उष्णता काढण्यासाठी लागणारे कष्ट कमी झाले नव्हते, ते भिंतीच्या पलीकडे नेले होते. पंखेवाला स्वतः मात्र 40 अंशांत बसलेला. रात्री त्याचा डोळा लागला की पंखा थांबायचा, आतला माणूस घामाने जागा व्हायचा आणि बाहेर येऊन त्याला लाथ मारायचा. हे कादंबरीतलं वर्णन नाही. गोऱ्या शिपायांनी आणि साहेबांनी पंखेवाल्यांना मारहाण केल्याचे, त्यात माणसं मेल्याचे खटले ब्रिटिश हिंदुस्थानात चालले आहेत. मेलेल्याची प्लीहा हिवतापाने आधीच वाढलेली होती, ती फुटली, असा बचाव कोर्टात पुन्हा पुन्हा झाला आणि बरेच आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटले. विजेचे पंखे आले तशी ती दोरी गेली.

माळवदाखालची शांतता

शांत गारव्याची दुसरी रीत आपल्या गावांतच होती. मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर आठवा. हातभर रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेरची उष्णता या मातीतून आत यायला कितीतरी तास लागतात. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो आणि माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेली असतात. औरंगाबादच्या पाणचक्कीत याहून पुढची कल्पना आहे. तिथे हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. पाण्याचं एवढं वजन आणि एवढा साठा डोक्यावर असल्यामुळे खालचं दालन उन्हाळ्यातही गार राहतं.

माळवदाला कष्ट लागत नव्हते असं नाही. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकून ती चोपावी लागे. पण एकदा ते काम झालं की रात्रभर कुणाला जागं राहून काही ओढावं लागत नसे. इथे गारवा येतो तो मोठ्या आकारमानातून आणि सावकाशपणातून. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण संगणक बनवणारे बऱ्याच उशिरा नेमके इथेच येऊन पोचले.

संगणकाला पंखा लागला

1981 च्या आयबीएम पीसीमधला 8088 प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्झवर चालायचा आणि त्याच्यावर कसलाही कूलर नसायचा. 486 च्या काळात प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक बसू लागला आणि 1993 च्या पेंटियमनंतर त्यावर छोटा पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. पुढची दहा वर्षं कंपन्या मेगाहर्ट्झच्या शर्यतीत होत्या. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात कमी होईल, हा रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये मांडलेला नियम या शर्यतीचा आधार होता. नव्या शतकाच्या सुरुवातीला तो आधार ढासळू लागला. 2004 मधल्या प्रेसकॉट पेंटियम फोरची उष्णता वरच्या मॉडेलांत 115 वॅटवर गेली. त्याच वर्षी इंटेलने त्याच्यापुढचा तेजस नावाचा प्रोसेसर आणि 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर, दोन्ही रद्द केले. 2003 मध्ये आलेल्या एका ग्राफिक्स कार्डचा पंखा तर इतका गोंगाट करायचा की लोक त्याला धूळ ओढायच्या यंत्राच्या नावाने हाक मारायचे.

गोंगाटाचं कारण उघड होतं. लहान ठोकळा, त्यावर लहान पंखा आणि तो भरधाव फिरवायचा. पंख्याचं गणित याच्या उलट सांगतं. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो आणि पंख्याला लागणारी वीज आठव्या हिश्श्यावर येते. तशाच घडणीचा पंखा 80 ऐवजी 120 मिलिमीटरचा घेतला तर तेवढ्याच फेऱ्यांत सव्वातीनपटीहून जास्त हवा मिळते. मोठा पंखा सावकाश फिरवावा, यात सगळं आलं. कोरियाच्या झाल्मन कंपनीने आवाज कमी करणं हेच आपल्या कूलरचं नाव केलं. 2005 मध्ये ऑस्ट्रियात नॉक्टुआ सुरू झाली. तिच्या 2014 च्या एनएच-डी15 या कूलरमध्ये 140 मिलिमीटरचे दोन पंखे, सहा नळ्या आणि एकूण वजन सुमारे 1.3 किलो. प्रोसेसर नखाएवढा आणि त्याला गार करणारं धड विटेएवढं. माळवदाच्या भिंतीसारखंच हे.

नळीत बंद केलेला भिश्ती

त्या सहा नळ्यांची गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते. त्यांना हीटपाइप म्हणतात. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये हे तंत्र उभं केलं आणि अवकाशयानांत ते कामाला आलं. तांब्याच्या नळीतली हवा काढून टाकतात, आत थोडं पाणी ठेवतात आणि नळी दोन्ही टोकांनी बंद करतात. हवा नसल्यामुळे ते पाणी कमी तापमानालाही उकळतं. प्रोसेसरजवळच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते. नळीच्या आतल्या बाजूला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दिव्याची वात तेल ओढते तसा तो थर पाणी ओढून पुन्हा गरम टोकाला आणतो. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं.

म्हणजे वाळ्याच्या तट्टीत आणि हीटपाइपमध्ये काम एकच चाललेलं आहे. दोन्हीकडे पाणी वाफ होऊन उष्णता घेऊन जातं. फरक पुढे आहे. तट्टीवरचं पाणी हवेत उडून जातं, म्हणून नवं पाणी घेऊन भिश्ती पुन्हा यावा लागतो. नळीतलं पाणी उडून कुठे जात नाही आणि ते परत आणायचं काम तांब्याचा थर करतो. ज्या कामासाठी एका आख्ख्या जमातीने पिढ्यान्पिढ्या पाठ वाकवली, ते काम इथे कुणाच्याही पाठीवर नाही.

जालन्याच्या धुळीत

आता मुलांच्या प्रश्नाचं उत्तर. मोठा हीटपाइपचा कूलर घ्या आणि 120 किंवा 140 मिलिमीटरचे पंखे कमी फेऱ्यांवर ठेवा. कॅबिनेटच्या समोर जाळी हवी, काच नको; समोरून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींतून धूळ शिरत नाही. आपल्याकडे धूळ ही गौण गोष्ट नाही. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाची तुसं हवेत असतात आणि पात्यांमध्ये त्यांची गादी तयार होते. समोर फिल्टर लावा आणि तो महिन्याला धुऊन वाळवा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट कालांतराने वाळते, ती दोन-तीन वर्षांनी बदला.

कूलरची, म्हणजे आपल्या पाण्याच्या कूलरची, हवा थेट मशीनवर सोडू नका. पण त्याने खोली 8 अंशांनी उतरली तर प्रोसेसरही जवळपास तेवढाच उतरतो. आणि शेवटचं, वेगाचा हट्ट थोडा सोडा. अगदी वरच्या पाच टक्के वेगासाठी व्होल्टेज सर्वांत जास्त चढवावं लागतं. तेवढा वेग सोडला की उष्णता आणि आवाज दोन्ही झपाट्याने उतरतात. लांबलचक रेंडर इशानंतर लावा, तोवर बाहेरची हवाही उतरलेली असते. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये घरातली माणसं तरावीहनंतर जेमतेम चार तास झोपतात. त्या वेळी शेजारच्या खोलीत पंखा किंचाळत नसणं याला मोल आहे.

उष्णता जाते कुठे

तरीही हिशोब इथे संपत नाही. शांत कूलर उष्णता नष्ट करत नाही, तो ती खोलीत सोडतो. खोलीतून ती गल्लीत जाते. मशीनला लागणारी वीज कुठल्यातरी औष्णिक केंद्रातून येते आणि त्या केंद्रालाही थंड राहायला पाणी लागतं. 2013 च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर होतं आणि पाणी नाही म्हणून परळीचं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. इस्राफ विजेतही होतो, प्रोसेसरच्या वेगातही होतो.

आणि हे तांब्या-लोखंडाचं काम करणारे हात कुणाचे? जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाचा रस 1600 अंशांच्या आसपास तापतो आणि त्याच्या सळ्या होतात. भट्टीसमोर मे महिन्यात उभे राहणारे कामगार, त्यांतले कितीतरी परप्रांतातून आलेले, यांच्यासाठी गारवा म्हणजे एक मोठा, घणघणता पंखा आणि माठातलं पाणी. पंखेवाल्याची दोरी गेली, पण भिंतीच्या पलीकडे कुणीतरी तापत असणं संपलेलं नाही.

मुसलमानांतल्या कष्टकरी जमातींना त्यांच्या पेशाने ओळखून त्यांचे हक्क मागणारी मुस्लिम ओबीसी चळवळ महाराष्ट्रात ज्यांनी उभी केली, ते शब्बीर अहमद अन्सारी जालन्याचेच. भिश्ती-पखाली, पिंजारी, मोमीन, बागवान या नावांमागे काम करणारी माणसं आहेत, हे त्या चळवळीने सांगितलं. बादशहा आणि नवाबांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या दालनांत गारवा आणून देणारेही आपलेच होते, आणि आपल्यातले बहुतेक जण नवाबांच्या नाही, त्यांच्याच घरातून आलेले आहेत.

म्हणून मला प्रश्न विचारणाऱ्या मुलांना मी कूलरचं नाव सांगतोच, शिवाय एक काम सांगतो. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा, आपल्या खानदानात कुणी पखाल वाहिली होती का, कुणी छावणीत किंवा कचेरीत पंखा ओढला होता का, माळवदावर माती कोण टाकायचं? नाव, गाव, साधारण साल कळलं तर ते त्याच संगणकावर एका फाइलमध्ये लिहून ठेवा. ही माणसं सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे.